कंपनीतलं पाणी वाचवायचंय? आधी कूलिंग टॉवरच्या मागे जाऊन बघा

मे महिना आला की आमच्याकडे वरून मेल येतो, वॉशबेसिनवर "पाणी वाचवा"चे स्टिकर लावा. लावतो आम्ही, माझी काही हरकत नाही, पण हिशोब करून बघा जरा. शॉपवर ८० माणसं आहेत, माणशी दिवसाला ४५ लिटर धरलं तरी झाले ३६०० लिटर. आणि वर गच्चीवर १०० टनाचा वॉटर कूल्ड चिलर (थंड पाणी बनवणारं मशीन) फुल लोडवर चालतोय तर त्याची उष्णता बाहेर टाकणारा कूलिंग टॉवर एकटा ताशी साधारण ६५० लिटर वाफ करून हवेत उडवतो, म्हणजे २४ तासांत १५ हजाराच्या वर. स्टिकर कुठे लावायला पाहिजे ते तुम्हीच ठरवा.

मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात युटिलिटी (पाणी, स्टीम, कूलिंग) बघतो, आधी रबाळे आता महापे, बरीच वर्षं झाली. आपल्याला येणारं एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाच्या जिवावर आहे आणि त्याच पाण्यावर दिवा-मुंब्र्याच्या चाळीसुद्धा आहेत, आमचे दोन हेल्पर तिकडूनच येतात आणि पाणी नसेल त्या दिवशी आंघोळ कंपनीत येऊन करतात, म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता बिलाचा नाही. असो. काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम मीटर. मेन इनलेटला एमआयडीसीचा मीटर असतोच पण त्याने एवढंच कळतं की पाणी गेलं, कुठे गेलं ते कळत नाही. कूलिंग टॉवरच्या मेकअप लाइनला (उडालेल्या पाण्याच्या जागी ताजं पाणी देणारी) एक, बॉयलर फीडला एक, प्रोसेसला एक आणि कॅन्टीन-टॉयलेटला एक असे चार साधे मेकॅनिकल मीटर बसवा, आणि रीडिंग रोज एकाच वेळी एकाच माणसाने घ्यायचं. एक युनिट म्हणजे १००० लिटर हे ऑपरेटरला नीट सांगा, नाहीतर लॉगबुकात काहीच्या काही आकडे येतात. आमचे बॉयलरवाले काका कानामागे पेन्सिलचा तुकडा ठेवतात, सकाळी सातला चारही मीटर बघून आल्याशिवाय चहा घेत नाहीत. असा एक माणूस शोधा, सॉफ्टवेअर नंतर.

मग एका सुट्टीच्या रात्री सगळं बंद असताना ११ ला रीडिंग घ्या आणि पहाटे ५ ला परत घ्या. प्लांट बंद, टाक्या भरलेल्या आणि मीटर तरीही फिरतोय तर समजून जा. आमच्याकडे असंच सापडलं होतं. टॉवरच्या बेसिनमधला (खालच्या टाकीतला) बॉलकॉक अडकलेला, पाणी ओव्हरफ्लो पाइपातून थेट पावसाळी गटारात, आणि तो पाइप टॉवरच्या मागच्या बाजूला, भिंत आणि टॉवर यांच्यात दीड फुटाची जागा, तिथे कोण जाणार? पाइपाच्या तोंडाखाली शेवाळाचा हा जाड हिरवा पट्टा तयार झालेला, म्हणजे कालपरवाची गोष्ट नव्हती. २० लिटरची बादली धरली, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, ५० सेकंदांत भरली. मिनिटाला २४ लिटर, दिवसाला साडेचौतीस हजार! त्या वर्षीही स्टिकर लावलेले होते बरं का. ओव्हरफ्लोचा पाइप नेहमी दिसेल अशा जागी काढा, येता-जाता लक्ष गेलं पाहिजे.

आता ब्लोडाउन. चहा उकळत ठेवला की पाणी उडतं आणि भांड्यात राहिलेला चहा दाट होतो, टॉवरमध्ये तेच होतं, वाफ जाते, क्षार मागे राहतात, म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं. बेसिनचं पाणी मेकअपपेक्षा किती पट दाट आहे तो आकडा म्हणजे सीओसी. कंडक्टिव्हिटी मीटरने (पाण्यात क्षार किती ते यावरून कळतं) दोन्ही मोजा, मेकअप २०० आणि बेसिन ६०० असेल तर सीओसी ३. समजा रोज १० युनिट उडतात. सीओसी ३ ला ब्लोडाउन ५ युनिट, ५ ला नेलं तर अडीच, ६ ला २. म्हणजे ३ वरून ५ वर जाण्यात मजा आहे, पुढे अर्ध्या युनिटासाठी स्केलिंगचं (ट्यूबमध्ये क्षारांचे थर बसण्याचं) टेन्शन कशाला घ्यायचं? आणि हे डोसिंगवाल्याला (टॉवरच्या पाण्यात केमिकल टाकणाऱ्याला) विचारून करा, सिलिका-हार्डनेसचा रिपोर्ट बघूनच, स्वतःच व्हॉल्व्ह आवळून मोकळे होऊ नका, चिलरच्या कंडेन्सरच्या ट्यूब चोंदल्या तर वाचवलेल्या पाण्याच्या कित्येक पट खर्च. आमच्याकडे पूर्वी व्हॉल्व्ह अंदाजाने पाव राउंड उघडा असायचा, रात्रंदिवस. कंडक्टिव्हिटीवर चालणारा ऑटो ब्लोडाउन बसवला आणि तो प्रश्न मिटला.

प्लेटिंग, अ‍ॅनोडायझिंगवाल्यांचं खरं पाणी रिन्समध्ये, म्हणजे केमिकलच्या टाकीतून काढलेला जॉब धुण्यात जातं. जॉबबरोबर केमिकल चिकटून येतं त्याला ड्रॅगआउट म्हणतात. समजा ते तासाला १ लिटर आहे आणि हजारपट पातळ करायचंय, तर एका टाकीत तासाला १००० लिटर वाहतं ठेवावं लागतं. तेच दोन टाक्या लावून ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडलं आणि तिचं ओव्हरफ्लो पहिल्या टाकीत घेतलं, म्हणजे जॉब एका दिशेने आणि पाणी उलट्या दिशेने, तर हिशोबाने ३२ लिटरच्या आसपास काम होतं. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही हसलो होतो. प्रत्यक्षात एवढं परफेक्ट होत नाही, टाकीत पाणी नीट ढवळलं जात नाही वगैरे, पण फरक मोठा पडतो. शिवाय जॉब टाकीवर १०-१५ सेकंद निथळू द्या, त्याला पैसे लागत नाहीत.

स्टीम असेल तर कंडेन्सेट (स्टीम थंड होऊन झालेलं पाणी) बॉयलरला परत आणा, गरम असतं त्यामुळे पाणी आणि इंधन दोन्ही वाचतं. आरओ रिजेक्ट (आरओ फिल्टरने बाहेर टाकलेलं खारट पाणी) टॉयलेटच्या फ्लशला वापरा. होजपाइपला ट्रिगर गन लावा, बास.

ज्यांचा वापर मोठा आहे त्यांनी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची चौकशी करावी. नवी मुंबई महापालिकेचे कोपरखैरणे आणि ऐरोलीला टर्शरी प्लांट (सांडपाणी आणखी एकदा शुद्ध करणारे) आहेत, प्रत्येकी २० एमएलडीचे म्हणजे दिवसाला २ कोटी लिटरचे, ते पाणी मुख्यतः टीटीसीतल्या कारखान्यांसाठी आहे. "गटाराचं पाणी" म्हणून नाक मुरडणारे खूप भेटतात, त्यांना सांगा की कोराडीचं वीज केंद्र नागपूरच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच कूलिंगला वापरतं. औष्णिक वीज केंद्रांना तर २०१५ च्या नियमाने पाणी वापरावर मर्यादाच घातली, जुन्या प्लांटला दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर. आपल्याला कोणी अशी मर्यादा घातली की मग धावपळ करण्यापेक्षा आत्ताच सॅम्पल मागवा, टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराइड, अमोनिया तपासा आणि आधी फक्त टॉवरला सुरू करा. अमोनिया नक्की बघा, तांब्याच्या ट्यूब असतील तर तो त्यांना खातो.

मॅनेजमेंटकडे जाताना एकच कागद न्या, चार मीटरची महिनाभराची रीडिंग आणि शेजारी रुपये. आमच्या साहेबांनी कागद बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे टॉवरच्या मागे जायचं कुठून?"