न्यूज-२ स्कोअर भरताना या चुका टाळा

पेशंट खालावतोय हे वेळेत कळावं म्हणून ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) आणला, २०१७ मध्ये तो सुधारून न्यूज-२ केला. श्वास, ऑक्सिजन, नाडी, बीपी, ताप, शुद्धी यांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची; बेरीज जितकी जास्त तितका धोका जास्त. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या वॉर्डांत तो भरला जातो, तिथल्या सिस्टर-ब्रदरांसाठी हे लिहितेय.

सगळ्यात घातक चूक श्वासाची. नाडी, बीपी, ऑक्सिजन मशीन दाखवतं. श्वास आपल्यालाच मोजावे लागतात. मग नाइटच्या चार्टवर ओळीने १८, १८, १८. तब्येत बिघडताना अनेकदा आधी श्वासच वाढतो, आणि तोच रकाना आपण अंदाजाने भरतो! नाडी बघतोय असं भासवत मनगट धरा आणि पूर्ण एक मिनिट छाती बघा. आपण श्वास मोजतोय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो.

समजा, ऐरोलीचे एक काका न्यूमोनियाने दाखल आहेत. श्वास २४ (२ गुण), ऑक्सिजन ९५ (१), ऑक्सिजनची नळी लावलेली (२), नाडी १०४ (१), वरचं बीपी ११२, ताप १००, शुद्धीवर (तिन्हींना ०). एकूण ६, म्हणजे डॉक्टरांना तातडीने बोलवायचं आणि तासातासाला बघायचं. श्वास १८ लिहिला, नळीचे गुण विसरले, तर बेरीज २. काका पुढचे चार-सहा तास कुणाच्या नजरेत नाहीत.

आपला थर्मामीटर फॅरनहाइट, तक्ता सेल्सिअसचा. ३८ म्हणजे १००.४, हे चार्टवरच लिहून ठेवा.

आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या तर ‘वय झालंय’ म्हणू नका. ‘घरीही असंच बोलतात का?’ असं मुलीला विचारा. गोंधळ नवा असेल तर एकदम ३ गुण, आणि एकाच रकान्यात ३ आले तर बेरीज कमी असली तरी डॉक्टरांना कळवायचंच.

गरोदर बाई आणि सोळा वर्षांखालची मुलं यांना हा तक्ता लावू नका. सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला ऑक्सिजनची दुसरी मोजपट्टी लावायची का, हे डॉक्टर ठरवतील. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) चालू असेल तर तब्येत बिघडली तरी नाडी वाढलेली दिसेलच असं नाही.

आयसीयू नसलेल्या छोट्या नर्सिंग होममध्ये ७ ची (म्हणजे आणीबाणीच्या बेरजेची) वाट बघू नका. संध्याकाळी घोडबंदर रोडवर अँब्युलन्स किती अडकते ते आपण जाणतो. ५ झाले की डॉक्टरांना सांगून बेडची चौकशी सुरू करा, आणि कुणाला किती वाजता फोन केला ते फाइलवर लिहा.