एकाच सबनेटवर सर्व्हरची दोन नेटवर्क कार्डे कशी बसवावीत

राळेगाव, पांढरकवडा किंवा हिंगणघाट परिसरातील जिनिंगमध्ये दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की काट्यावरचा संगणक, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि आवारातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण हा सगळा भार बहुधा कार्यालयातल्या एकाच सर्व्हरवर येऊन पडतो. सर्व्हरच्या मागच्या बाजूला दोन नेटवर्क पोर्ट असतात आणि त्यांपैकी एक रिकामा दिसतो. तो त्याच स्विचला जोडून त्याच सबनेटमधला (नेटवर्कच्या त्याच पत्ता-गटातला) दुसरा आयपी पत्ता दिला की वेग दुप्पट होईल, असे गृहीत धरले जाते. तसे होत नाही. उलट ट्रॅक्टर काट्यावर उभा असतो, वजन पडद्यावर आलेले असते, पण पावती कधी निघते आणि कधी निघतच नाही, अशी नवी कटकट मागे लागते.

कारण समजून घेण्यासाठी पुढील मांडणी धरू. सर्व्हर लिनक्सवर चालतो. त्याच्या ईथ० या कार्डाला १९२.१६८.१०.११ आणि ईथ१ ला १९२.१६८.१०.१२ हा पत्ता आहे, राउटर १९२.१६८.१०.१ वर आणि काट्याचा संगणक १९२.१६८.१०.५० वर आहे. लिनक्स आयपी पत्ता हा कार्डाचा नव्हे, तर संपूर्ण यंत्राचा मानतो. त्यामुळे काट्याच्या संगणकाने ‘१९२.१६८.१०.१२ कोणाकडे आहे?’ अशी आर्प विचारणा (आयपी पत्त्यावरून कार्ड शोधणारी हाक) केली की एकाच स्विचवरची दोन्ही कार्डे ती ऐकतात आणि दोन्हीही आपापला मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) देऊन उत्तर देतात. कोणते उत्तर टिकेल, याचा नेम नसतो. बाहेर जाताना आणखी वेगळेच घडते: राउटिंग तक्त्यात (कोणते पॅकेट कोणत्या कार्डातून पाठवायचे, याच्या यादीत) त्या सबनेटच्या दोन नोंदी असल्या तरी वापरली जाते एकच, म्हणून सगळी वाहतूक एकाच कार्डातून जाते. आरपी_फिल्टर, म्हणजे पॅकेट योग्य कार्डावरून आले का हे तपासणारी सेटिंग, कडक असेल, तर ‘चुकीच्या’ कार्डावर आलेले पॅकेट काहीही न कळवता टाकून दिले जाते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे दुसरे कार्ड नेमके कशासाठी हवे आहे, ते ठरवणे. एक केबल तुटली तरी काम चालू राहावे, एवढीच गरज असेल, तर दोन्ही कार्डांचे बाँडिंग करून (दोन्ही मिळून एकच कार्ड असल्यासारखी जोडून) ‘अॅक्टिव्ह-बॅकअप’, म्हणजे एक चालू आणि दुसरे राखीव, ही पद्धत निवडावी; त्यासाठी साधा स्विच चालतो आणि आयपी पत्ता एकच राहतो. वेग वाढवायचा असल्यास बाँडिंगचीच ८०२.३एडी ही दोन्ही केबल एकत्र वापरणारी पद्धत आहे, मात्र ती स्विचलाही यावी लागते आणि त्यातही एक जोडणी एकाच केबलमधून जाते, म्हणजे एका संगणकाला एक गिगाबिटपेक्षा जास्त वेग मिळत नाही. कॅमेरे वेगळे काढायचे असतील, तर त्यांना १९२.१६८.२०.०/२४ हे वेगळे सबनेट आणि वेगळा स्विच द्यावा. माझ्या मते बहुतेक जिनिंगांना या तीनपैकी एक उपाय पुरतो आणि पुढचे काही करावे लागत नाही.

एखादे जुने सॉफ्टवेअर त्याच सबनेटमधल्या दुसऱ्या पत्त्यावर अडून बसले असेल, तरच पुढे जावे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात.

दुसऱ्या पायरीत आर्पला शिस्त लावावी. सिसकटीएलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या सेटिंगांमध्ये) ‘ऑल’खाली, म्हणजे सर्व कार्डांसाठी, आर्प_इग्नोरची किंमत १ आणि आर्प_अनाउन्सची २ ठेवावी. पहिल्या बदलामुळे विचारणा ज्या कार्डावर आली, त्याच कार्डाचा पत्ता असेल तरच उत्तर जाते. दुसऱ्यामुळे विचारणा करताना एका कार्डावरून दुसऱ्याचा पत्ता सांगितला जात नाही. आरपी_फिल्टर २, म्हणजे सैल ठेवावा. येथे ‘ऑल’ आणि त्या कार्डाची स्वतःची किंमत यांतील मोठी लागू होते, त्यामुळे ‘ऑल’ला १ असताना कार्डाला ० देऊन काहीच साधत नाही.

तिसरी पायरी स्रोतानुसार राउटिंगची, म्हणजे पॅकेट ज्या पत्त्यावरून निघते त्यावरून त्याचे कार्ड ठरवण्याची. प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्र राउटिंग तक्ता करावा आणि त्याला १ ते २५२ मधला क्रमांक द्यावा, कारण २५३ ते २५५ हे क्रमांक लिनक्सने राखून ठेवले आहेत. ईथ१ साठी ‘आयपी राउट ॲड १९२.१६८.१०.०/२४ डेव्ह ईथ१ सोर्स १९२.१६८.१०.१२ टेबल १०२’, मग ‘आयपी राउट ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१०.१ डेव्ह ईथ१ टेबल १०२’ आणि शेवटी ‘आयपी रूल ॲड फ्रॉम १९२.१६८.१०.१२ टेबल १०२’ अशा तीन आज्ञा द्याव्यात. पहिल्या आज्ञेतला ‘सोर्स’ हा शब्द टर्मिनलवर एस-आर-सी असा तीन अक्षरांत लिहावा. ईथ० साठी तक्ता १०१ घेऊन हेच करावे. मुख्य तक्त्यात डिफॉल्ट गेटवे (सबनेटबाहेर जाण्याची वाट, इथे राउटर) एकच ठेवावा.

आता तपासणी. ‘आयपी राउट गेट १९२.१६८.१०.५० फ्रॉम १९२.१६८.१०.१२’ या आज्ञेच्या उत्तरात ईथ१ दिसले पाहिजे. त्यानंतर काट्याच्या संगणकावर जाऊन जुनी आर्प नोंद पुसावी (विंडोजवर प्रशासक म्हणून ‘आर्प -डी’), दोन्ही पत्त्यांना पिंग करावे आणि ‘आर्प -ए’ने नोंदी पाहाव्यात. दोन्ही पत्त्यांसमोर वेगवेगळा मॅक दिसला, तर आर्प ठीक झाला. दोन्हींसमोर एकच दिसला, तर दुसरी पायरी लागू झालेली नाही. कधी पिंग जाते, कधी जात नाही, असे झाल्यास सेटिंग बदलण्याआधी पोर्ट पाहावा. जिनिंगच्या कार्यालयात कापसाचे तंतू सॉकेटमध्ये जाऊन बसतात आणि दिवा हिरवा असूनही जोडणी सैल राहते.

वर टाइप केलेले सगळे वीज गेली की पुसले जाते, आणि आपल्याकडे वीज जाणारच आहे. उबुंटूवर तक्ते आणि नियम नेटप्लॅनच्या फाइलमध्ये, रेड हॅट घराण्यातील प्रणालींवर नेटवर्कमॅनेजरमध्ये आणि आर्पची सेटिंगे सिसकटीएल.डी या फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहावीत. नागपूर-यवतमाळहून दूरस्थ जोडणीने काम करणाऱ्यांनी ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरावे. १२० सेकंदांत होकार दिला नाही, तर जुनी मांडणी परत येते आणि तेवढ्यासाठी गाडी काढून गावी जावे लागत नाही. शेवटी काट्यावर गाडी नसताना सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा आणि वरची तपासणी पहिल्यापासून पुन्हा करावी.