रोटाची लस: या चुका टाळा

"सिस्टर, पोलिओचे थेंब दिले की! आता परत तोंडात काय?" तासगाव तालुक्यातल्या आमच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी हा प्रश्न ठरलेला. पोलिओचे थेंब दोन, तो डोस वेगळा. जुलाबाची, म्हणजे रोटाव्हायरसची लस वेगळी. एखादी पाच थेंबांची, एखादी अडीच मिलीची. दोन्ही एकाच दिवशी देतात, म्हणून घोळ होतो. मोठ्या लेकराच्या कार्डाशी तर ताडूनच बघू नका. महाराष्ट्रात ही लस सरकारी केंद्रांत २०१९ पासून आली, त्याआधीच्या कार्डावर ती नसेल. घरी निघण्याआधी कार्डावर रोटासमोर तारीख पडली का, तेवढं बघा.

खरी पंचाईत तारखांची. डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. बाळंतपण माहेरी, पहिला डोस तिकडे, मग बाळ सासरी आणि कार्ड माहेरच्या ट्रंकेत! कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ऊसतोडीला आलेल्या आयांनाही सांगते, गावाकडं परत जाईपर्यंत थांबू नका, जिथं फड तिथल्या केंद्रात या. उशीर झाला तरी पहिला डोस वर्षाच्या आत घेता येतो, पुढचे किमान चार-चार आठवड्यांनी. वर्ष उलटलं की सुरुवात करत नाही.

परवा एका आजीनं बाळाच्या ओठांवरून ओघळलेली लस पदरानं पुसली आणि गुपचूप निघाल्या. असं करू नका. बाळानं थुंकलं, ओकलं तर तिथंच सांगा. पुढं काय करायचं ते नर्स ठरवेल. अंगावर मात्र आधीही पाजा, नंतरही. साध्या सर्दीसाठी डोस पुढं ढकलायची गरज नाही.

"लस घेऊनबी जुलाब झाले!" होतात, कारण जुलाब काही एकट्या रोटानं होत नाहीत. ही लस रोटाच्या गंभीर जुलाबापासून वाचवते. जुलाब झाले तर दूध तोडू नका, ओआरएस द्या आणि डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक १४ दिवस पूर्ण द्या. पण डोसनंतर बाळ थांबून-थांबून कळवळून रडत असेल, उलट्या होत असतील, शीमध्ये रक्त दिसलं, तर घरगुती गुटी बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. आतड्यात आतडं शिरल्याची ती लक्षणं असू शकतात. क्वचितच होतं, पण थांबायचं नाही. आधी कधी असं झालं असेल तर डोसआधीच सांगा.

खासगीत सुरू केली असेल तर लसीचं नाव लिहून आणा. काहींचे दोनच डोस असतात.