पदवीसोबत लेखनाचं प्रमाणपत्र कसं मिळवावं: कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यांसाठी

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की गावागावांत फिरणारी सूचना कोणीतरी लिहिलेली असते. पतसंस्थेचं ठेवीदाराला आलेलं पत्र, शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीजवळ लावलेला फलक, ग्रामसभेची नोटीस, बचतगटाचा कर्जाचा प्रस्ताव हेही असंच कोणाच्या तरी हातचं लेखन. त्यावर कोणाचं नाव नसतं, पण ते चुकलं तर माणसाचे पैसे, वेळ, कधी जीवही जातो. हे लेखन शिकता येतं आणि पदवी घेता घेता त्याचं प्रमाणपत्रही मिळवता येतं. बी.ए.च्याच मुलांनी करावं असंही नाही. बी.कॉम., बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग कदाचित जास्तच होईल.

आधी दोन प्रमाणपत्रांतला फरक समजून घ्या

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेलं श्रेय) पूर्ण करून, वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, की बाहेर पडता येतं. त्या वेळी मिळतं ते यूजी सर्टिफिकेट, म्हणजे पदवीच्या पहिल्या टप्प्याचं प्रमाणपत्र. ते पदवीच्या मुख्य विषयातलं असतं आणि ज्याला काही कारणाने शिक्षण थांबवावं लागतंय त्याच्यासाठी ती सोय आहे. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेऊन पुढे पदवी पुरी करता येते.

आपण बोलतोय ते वेगळं. अमेरिकेत पिट्सबर्गसारखी विद्यापीठं पदवीच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक आणि व्यावसायिक लेखनाचं स्वतंत्र प्रमाणपत्र देतात. मुख्य विषय कोणताही असो, शेजारी लेखनाचे मोजके विषय जोडायचे. आपल्याकडे हीच रचना कॉलेजच्या क्रेडिटमधून, सरकारच्या स्वयं पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्समधून आणि एखाद्या स्वतंत्र सर्टिफिकेट कोर्समधून उभी करता येते. त्यामुळे लेखनाच्या ओढीने पहिल्या वर्षानंतर पदवी सोडू नका. पदवी आणि लेखन बरोबरीने चालू द्या.

मग क्रेडिटचा तक्ता घेऊन विभागप्रमुखांकडे जा

राज्याच्या २०२३ च्या शासन निर्णयानुसार पदवीच्या आराखड्यात मुख्य विषयासोबत मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय), कौशल्यवर्धन, भाषा, क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण असे कप्पे आहेत. बहुतेक मुलं यातले अर्धे कप्पे मित्रांनी घेतलं म्हणून किंवा तासाची वेळ सोयीची म्हणून भरतात. तुम्ही ते एकाच दिशेने भरा. भाषेच्या कप्प्यात व्यावहारिक मराठी किंवा इंग्रजी, ओपन इलेक्टिव्हमध्ये पत्रकारिता किंवा भाषांतर, कौशल्यात संपादन किंवा मजकूरलेखन, असं जे तुमच्या कॉलेजात मिळेल ते घ्या. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. हे गणित डोक्यात ठेवलं की वेळेचा अंदाज येतो.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. इथल्या कारखान्याचं मशीन मॅन्युअल इंग्रजीत येतं आणि ते चालवणारा कामगार मराठीत विचार करतो. त्या दोघांमध्ये उभं राहून नीट लिहू शकणारी माणसं फार कमी आहेत.

कॉलेजात न मिळणारा भाग बाहेरून घ्या

स्वयंवर इंग्रजी लेखन, तांत्रिक लेखन, संवादकौशल्य असे कोर्स जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत लागतात. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेची फी तेवढी भरावी लागते. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयंमधून घ्यायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगी आहे. फक्त नाव नोंदवण्याआधी कॉलेजची लेखी मान्यता घ्या. ती नसेल तर परीक्षा पास होऊनही क्रेडिट तुमच्या गुणपत्रिकेवर चढवताना अडचण येते. तोंडी ‘चालेल की’ वर विसंबू नका.

एप्रिल २०२२ पासून नियमित पदवीसोबत दूरशिक्षणातून दुसरा अभ्यासक्रम करायलाही मोकळीक आहे. ती संस्था यूजीसीच्या दूरशिक्षण यादीत आहे का, एवढं आधी पाहा.

एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) म्हणजे तुमचे क्रेडिट जमा होतात ते सरकारी ऑनलाइन खातं. त्याचा आयडी डिजिलॉकरमधून लगेच काढा. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं नसेल तर दुरुस्ती पहिल्याच वर्षी उरका, शेवटच्या वर्षी त्यासाठी धावपळ फार होते.

आता खरं काम: लेखनाची फाइल

प्रमाणपत्र म्हणजे शेवटी एक कागद. मुलाखतीत तुमच्या बाजूने बोलते ती फाइल. तीत सहा-सात वेगवेगळे मजकूर असावेत, आणि प्रत्येक मजकूर वाचून कोणीतरी काहीतरी केलेलं असावं.

सुरुवात वाचनाने करा. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम मिळवून वाचा. १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, शोधलात तर सापडेल. नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखणारा हा हुकूम करवीर संस्थानच्या गॅझेटमध्ये आला. इतिहास म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो, लेखन म्हणून फारसं कोणी पाहत नाही. त्यात काय काय आहे बघा. हुकूम कधीपासून लागू, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी किती, मागास कोणाला म्हणायचं, आणि शेवटी प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा अहवाल दर तीन महिन्यांनी पाठवायचा. या शेवटच्या कलमामुळे हुकूम नुसता कागदावर राहू शकत नव्हता. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं आणि ते झालं हे कसं तपासायचं, एवढं ज्या मजकुरात असतं तो पक्का. पुढचा प्रत्येक मजकूर याच कसाला लावा.

पहिला सराव पुराच्या सूचनेचा. ‘पंचगंगेच्या पाणीपातळीत वाढ होत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहून आवश्यक ती खबरदारी घ्यावी.’ हे वाचून चिखलीतल्या आजींनी नेमकं काय करायचं? आता असं लिहून बघा: ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर पोचलं आहे. ही इशारा पातळी आहे. ४३ फुटांना धोका पातळी येते. जनावरं आज संध्याकाळी सहाच्या आत सोनतळीला हलवा. रेशनकार्ड, आधार, औषधं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जवळ ठेवा. घरात चालता न येणारं कोणी असेल तर आत्ताच १०७७ वर कळवा.’ वाक्यं लहान झाली आणि प्रत्येक वाक्यात एक काम आलं. ही सूचना गावातल्या तिघा-चौघांना वाचून दाखवा आणि ‘मग तुम्ही काय कराल?’ असं विचारा. त्यांचं उत्तर तुमच्या मनात होतं तेच आलं, तर मजकूर जमला. वेगळं आलं तर वाक्य बदला, माणसाला समजावत बसू नका. सराव म्हणून लिहिलेली सूचना मात्र ग्रुपवर टाकायची नाही. खरी सूचना प्रशासनाचीच.

दुसरा सराव माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा असावा लागतो. शब्द तोलून वापरायला शिकवणारा याहून चांगला धडा नाही. ‘आमच्या रस्त्याचं काय झालं’ ही तक्रार झाली. ‘या रस्त्याच्या कामाच्या आदेशाची आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत द्यावी’ ही मागणी झाली. पहिल्याला गोलमोल उत्तर मिळतं, दुसऱ्याला कागद द्यावा लागतो.

तिसरा मजकूर व्यवसायाचा घ्या. कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या एखाद्या कारागिरासाठी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं माहितीपत्रक लिहा. इथे खरेपणाची परीक्षा आहे. ‘फक्त कोल्हापुरातच बनते’ असं लिहायचा मोह होईल, पण २०१९ मध्ये मिळालेलं जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. कारागिराशेजारी बसा, तो कातडं कसं निवडतो ते विचारा, चप्पल भिजली तर काय करायचं ते विचारा, आणि त्याच्याच शब्दांत लिहा. गिऱ्हाइकाला तेच वाचायचं असतं.

उरलेले मजकूर तुमच्या विषयातून येऊ द्या. बी.कॉम.वाल्याने पतसंस्थेचं व्याजदर बदलल्याचं पत्र लिहावं, विज्ञानवाल्याने ऊस उत्पादकासाठी माती परीक्षणाच्या अहवालाचा अर्थ, इंजिनिअरिंगवाल्याने मशीन बंद करण्याच्या पायऱ्या.

शुद्धलेखन आणि टायपिंग

मराठी लेखनाचे नियम एकूण १८ आहेत: १४ नियम १९६२ चे, ४ नंतर १९७२ मध्ये वाढवलेले. ते छापून टेबलावर ठेवा. टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर सारखी दिसणारी अक्षरं देणाऱ्या पद्धतीत, आणि शक्यतो इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्डवर शिका. अजूनही काही ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं आणि तो मजकूर मोबाइलवर उघडला की नुसती विचित्र चिन्हं दिसतात. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणता येणं हीसुद्धा नोकरीत विचारली जाणारी गोष्ट आहे.

प्रत्यक्ष कामावर जा

प्रशिक्षणाचे क्रेडिट केवळ सहीपुरते घेऊ नका. दैनिकाच्या कार्यालयात सगळेच रांग लावतात. गोकुळ शिरगावचा एखादा कारखाना, दूध संस्था, रुग्णालयाचं जनसंपर्क, तुमच्या गावची ग्रामपंचायत इथे लिहिणाऱ्याची गरज जास्त आणि गर्दी कमी. जाताना ‘मला काम द्या’ असं म्हणू नका. त्यांचाच एखादा फलक किंवा अर्जाचा नमुना सोपा करून सोबत न्या आणि ‘हे असं केलं तर लोकांचे प्रश्न कमी येतील का?’ असं विचारा. काम संपल्यावर तुम्ही काय लिहिलंत हे नमूद करणारं पत्र लेटरहेडवर घ्या, आणि मजकूर फाइलमध्ये लावायची परवानगीही त्याच पत्रात लिहून घ्या. ठेवीदारांची, रुग्णांची नावं आणि आकडे फाइलमध्ये येता कामा नयेत.

शेवटच्या सत्रात फाइल लावताना प्रत्येक मजकुराच्या आधी पाच ओळींची टीप जोडा: कोणासाठी लिहिलं, पहिला खर्डा कसा होता, वाचणाऱ्याने काय विचारलं, त्यावरून काय बदललं. पहिला खर्डाही सोबत ठेवा. त्याच सुमारास एबीसी खात्यात सगळे क्रेडिट जमा दिसतात का ते पाहा. एखाद्या विषयाचे दिसत नसतील तर परीक्षा विभागाकडे अर्ज करा, आणि तो अर्जही एका विषयाचा, तारीख आणि मागणी स्पष्ट असलेला लिहा.