घरच्यांशी येशूविषयी बोलताना

घरात एकटाच विश्वासात आलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच सगळं सांगून मोकळा होतो, आणि तिथंच बोलणं तुटतं. कोल्हापूरच्या घरात देव म्हणजे नुसता देव्हारा नव्हे. अंबाबाईची ओटी, जोतिबाचा गुलाल, कुळाचार, पै-पाहुणे हे सगळं त्यात आलं. त्यामुळं तुम्ही काहीही सांगा, आईला ऐकू येतं ते एवढंच, की हा आता आपला राहिला नाही. आधी या भीतीला उत्तर द्या, आणि तेही कामातून. सणाला घरी थांबा, पाहुण्यांची ऊठबस करा, वडिलांना दवाखान्यात तुम्हीच न्या. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१) शब्दांवाचून जिंकण्याची शिकवण बायकांना दिली आहे, पण मुलांनाही ती तितकीच लागू पडते.

सगळ्यांत नाजूक क्षण प्रसादाचा. सत्यनारायणाचा शिरा आत्ती हातावर ठेवायला आली की तिथं वचनं सांगत बसू नका. तुम्ही घेणार नसाल तर आदल्या दिवशी एकट्या आईला सांगा : "आई, उद्या पंगतीत वाढायला मी आहे. फक्त प्रसाद घेणार नाही. मनाला लावून घेऊ नकोस." चारचौघांत कळलं तर तिचा अपमान होतो, आधी कळलं तर आत्तीला तीच सांभाळून घेते.

बोलायचं ते एका वेळी एकाशी. जेवणं उरकल्यावर किंवा रंकाळ्यावर फिरताना दोन-तीन मिनिटं पुरतात. आधी काय होतं, आता काय बदललं, आणि ते कुणामुळं, एवढंच. "राग आला की मी ताट भिरकावत होतो. आता येशूपुढं रोज माफी मागतो, म्हणून आवरतो." घरच्यांनी जो बदल डोळ्यांनी पाहिलेला नाही, तो सांगू नका. मार्क ५:१९ मध्ये येशू बऱ्या झालेल्या माणसाला घरीच धाडतो, स्वतःच्या बाबतीत काय घडलं ते सांगायला.

चर्चमधली मराठी घरी चालत नाही. 'तारण' म्हटलं की सोनं ठेवून काढलेलं पतसंस्थेचं कर्ज आठवतं, 'साक्ष' म्हटलं की कोर्ट. सुटका म्हणा, अनुभव म्हणा. 'मूर्तिपूजक' हा शब्द तर आईसमोर तोंडातूनसुद्धा काढू नका.

कुणी वाचायला मागितलं तर अख्खं बायबल हातात देऊ नका. लूक १५:११–३२ मधली उधळ्या मुलाची गोष्ट मोठ्यानं वाचा, चार मिनिटं लागतात. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो, हे जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मग एकच विचारा : "यातला थोरला कसा वाटला?" आणि गप्प बसा. उत्तर तुम्हीच दिलंत तर त्याचं प्रवचन होतं.

"गोऱ्यांचा धर्म", "किती पैसे मिळाले?" हे येणारच. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, ते नाकारू नका. पण येशू स्वतः यहुदी घरात, आशियातच जन्मला, हेही सांगा. पैशाच्या संशयावर चिडू नका. पगार आणि खर्च घरात उघडा ठेवा.

आजारी माणसाला "प्रार्थना कर, बरा होशील" असा शब्द देऊ नका, औषध तर मुळीच थांबवू नका. भाचरांना त्यांच्या आईबापांना न विचारता काही शिकवू नका. यातलं एक जरी घडलं तरी घरचा विश्वास उडतो, आणि तो उडणं रास्तच आहे.

"आता पुरे" म्हणाले तर थांबा, विषय परत त्यांनीच काढेपर्यंत. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. येशूच्या भावांचाही आधी त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५). तोवर रविवारी उपासनेला जाताना सांगून जा, आणि जेवायच्या वेळेला घरी या.