ब्रिटनमधल्या संशोधनासाठी अर्ज: आधी फायली मोजा, मग पैसे मागा

पीएचडीच्या संशोधनासाठी जुन्या सरकारी फायली पाहायला लंडनला जायचंय, पण अनुदानाच्या अर्जात 'सहा आठवडे, अंदाजे खर्च अमुक' एवढंच लिहिलं की परीक्षकाला ते हवेतलं वाटतं. आकडा कुठून आला, ते दाखवा.

१. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जची (ब्रिटनच्या सरकारी अभिलेखागाराची) 'डिस्कव्हरी' ही ऑनलाइन सूची घरबसल्या फुकट उघडते. तुम्हाला लागणाऱ्या प्रत्येक फायलीचा संदर्भ क्रमांक उतरवून घ्या. उदाहरणार्थ, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश माहिती मंत्रालयाच्या फायली 'आयएनएफ १' या मालिकेत आहेत.
२. डिजिटल प्रत असलेल्या फायली यादीतून वगळा. इथेच दोन-चार दिवस वाचतात.
३. उरलेल्यांना दिवसाला किती पाहून होतील याने भागा. तिथे स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायला पैसे पडत नाहीत, म्हणून वाचन घरी आणि फोटो तिथे, असा हिशेब धरा.
४. वाचनालय मंगळवार ते शनिवारच उघडं असतं. आठवडा पाच दिवसांचाच धरा. राहण्याचा खर्च मात्र सातही दिवसांचा.

ही यादी अर्जाला जोडा. 'आयएनएफ १ मधल्या चाळीस फायली, आठ दिवस' हे वाक्य पानभर प्रस्तावनेपेक्षा जास्त काम करतं, असं मला मनापासून वाटतं.

अर्ज कुठे करायचा हे तुमच्या विद्यापीठावर ठरतं. अमेरिका-कॅनडात शिकणाऱ्यांनी नॉर्थ अमेरिकन कॉन्फरन्स ऑन ब्रिटिश स्टडीज या अभ्यासकांच्या संघटनेची शिष्यवृत्ती पाहावी, भारतात शिकणाऱ्यांनी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची. पात्रता आणि शेवटची तारीख त्या-त्या वर्षीच्या सूचनेतच वाचा, मित्राच्या जुन्या अर्जावरून नको.