पुण्यात पहिली रोड बाइक घेताय? या चुका टाळा

माझी उंची पाच फूट सहा इंच आणि माझी पहिली रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची वेगवान सायकल, होती ५६ साईझची. दुकानात तेवढी एकच शिल्लक होती, चांगली सूट मिळत होती आणि विकणारा म्हणाला, "सीट खाली केली की बसेल." सीट खाली झाली, पण हँडल जवळ कसं येणार? खडकवासल्याला जाऊन येईपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं, मान आखडायची. शेवटी मेकॅनिकने १०० मिलीमीटरचा स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा दांडा) काढून ६० चा बसवला. हात पोचले, पण हँडल इतकं अस्थिर झालं की उतारावर धडकी भरायची. आठ महिन्यांत ती सायकल निम्म्या किमतीला विकली.

तेव्हापासून पहिली रोड बाइक घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: नंतर बदलता येणार नाही किंवा बदलायला फार खर्च येईल, त्यावर आधी नजर ठेवा. सीट, पॅडल, हँडलची टेप, टायर या गोष्टी पुढे कधीही बदलता येतात. फ्रेमची साईझ बदलता येत नाही.

माझ्या उंचीला साधारण ५२ किंवा ५४ बसते, पण प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा निघतो, म्हणून त्या-त्या मॉडेलचा साईझ चार्ट बघाच. दुकानात सायकलवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग हात ब्रेकच्या रबरी मुठींवर ठेवा. कोपर किंचित वाकलेलं राहिलं तर ठीक, ताणून सरळ करावं लागलं तर सायकल लांब आहे. दोन साईझच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या, कारण लहान सायकल थोडी वाढवता येते. आणि पंधरा मिनिटं रस्त्यावर चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी चूक गिअरची, आणि पुण्यात ती लगेच अंगाशी येते. शहराची उंची साधारण ५६० मीटर, सिंहगडाची १३०० च्या आसपास. कात्रज, बोपदेव, दिवे घाट, कुठल्याही बाजूला निघालात तरी चढ आहेच. तरीही लोक "किती स्पीड?", म्हणजे किती गिअर, एवढंच विचारतात. विचारायचं ते चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांच्या दातांचं. पुढचं लहान चाक ३४ दातांचं आणि मागचं सगळ्यात मोठं २८ चं असेल, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. सिंहगडाच्या चढावर नवशिक्याचा वेग ताशी सात-साडेसात किलोमीटर पडतो. म्हणजे मिनिटाला पन्नासच्याही खाली फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर. मागे ३४ दातांचं चाक असेल तर त्याच वेगाला जवळपास साठ फेऱ्या होतात. पाय फिरत राहतात, गुडघे वाचतात. पुढे ५२-३९ दातांची जुन्या रेसिंग वळणाची सायकल स्वस्तात मिळत असेल तर पहिल्या खरेदीला सोडून द्या.

सायकल घेऊन झाली असेल आणि चढावर पाय अडत असतील, तर ती विकायची घाई नको. शिमानो क्लॅरिस या आठ स्पीडच्या गिअर-संचाच्या R2000 मालिकेत मागचा डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा असेल तर ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) चालते. कॅसेट आणि चेन बदलून काम भागतं.

सात स्पीडच्या स्वस्त मॉडेलमध्ये अजून एक गोष्ट विचारा: मागे कॅसेट आहे की आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील? फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे बाहेर राहिलेल्या ॲक्सलवर, म्हणजे चाकाच्या आसावर, ताण येतो. आपल्याकडचे खड्डे आणि गतिरोधक पाहता तो वाकायला वेळ लागत नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी कॅसेटवाली घ्या.

टायरच्या बाबतीत मी हट्टी आहे: २३ मिलीमीटरचे नकोतच. पेव्हर ब्लॉक, खोदून बुजवलेले चर, पावसाळी गटारांच्या जाळ्या यांवर २८ चे टायर तुम्हाला आणि रिमला दोघांनाही वाचवतात. पण फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली तेवढी जागा असते का? बऱ्याच रिम ब्रेकच्या (ब्रेक रिमवर घासतो अशा) सायकलींत २५ च्या पुढे काही जात नाही. हे दुकानातच विचारा. हवा डोळ्यांनी किंवा अंगठ्याने जोखू नका. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये सत्तर-पंचाहत्तर पीएसआय पुरते, पुढच्या चाकात थोडी कमी. पंक्चर झाल्यावर ट्यूबला शेजारी-शेजारी दोन बारीक छिद्रं दिसली तर काच-खिळा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली.

बजेट तीस हजार असेल तर तीसही हजार सायकलवर घालू नका. चोवीस-पंचवीसपर्यंत थांबा. उरलेल्यात हेल्मेट, दिवे, कुलूप, दोन ट्यूब आणि प्रेशर दाखवणारा उभा पंप येऊ द्या. रोड बाइकच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, बारीक आणि टोकाला स्क्रू असलेला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं नोझल त्यावर बसत नाही. पितळी अडॅप्टर अगदी स्वस्तात मिळतो, तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), अर्धा किलो कमी वजन वगैरेचा विचार पहिल्या सायकलला करू नका.

सेकंड हँड घेत असाल तर सोबत स्टीलची पट्टी न्या. चेनची एक पिन शून्यावर धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन कुठे येते ते बघा. नवी चेन बरोबर ३०५ मिलीमीटरवर येते. दीड मिलीमीटर पुढे सरकली असेल तर चेन गेली. तीन मिलीमीटर सरकली असेल तर कॅसेटही गेली समजा, आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली टकटक जाणवली तर तिथलं बेअरिंग ढिलं आहे किंवा झिजलंय. रिमवर जिथे ब्रेक घासतो तिथे नख फिरवा, खोलगट लागलं तर रिम झिजली आहे. पावसाळ्यात चिखलाची बारीक वाळू रिमला कानशीसारखी खाते. जोडांपाशी रंगाला केसासारखी चीर दिसली तर ती सायकल घेऊच नका. शेवटी सायकल उलटी करा. पॅडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या तळाला बहुतेक वेळा नंबर कोरलेला असतो, तो बिलाशी ताडून बघा. विकणाऱ्याकडे बिल नसेल आणि नंबर घासून काढलेला असेल, तर कितीही स्वस्त मिळत असली तरी ती सायकल चोरीची असू शकते.